कंबर धरली म्हणून सांगितलं

नवरा स्वतःची चड्डी स्वतः धुवायला लागला की बायकोने काय समजावं? ज्याने लग्नापासून साधा रुमाल पाण्यात बुडवला नव्हता, तो घरामागे जाऊन चड्डी वाळत घालत होता. मी समजले, कुठेतरी पाणी मुरतंय.

धानकापणी ऐन भरात होती. आदल्या दिवशी तो मोटारसायकलची चेन बदलायची म्हणून सावलीला, तालुक्याच्या गावी, गेला होता. सकाळी मी गाडी ढकलून पाहिली, तर चेन जुनीच, तशीच कुरकुरणारी. बोललं की माणूस सावध होतो. त्याचा शर्ट तेवढा हुंगला. अत्तर नाही, बाईच्या केसांचं तेल नाही. दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास. याला काही रोग जडला असेल, तर त्यापेक्षा बाई परवडली असती.

शेतात तर कहरच. आमच्याकडे धान बाया कापतात. भारे डोक्यावरून वाहून रचायचे, हे गड्यांचं काम. भारा केवढा, त्यावर गड्याची किंमत ठरते. माझा नवरा गावात सगळ्यांत मोठा भारा उचलायचा. तोच आता विळा घेऊन आम्हा बायांच्या रांगेत आला नि खाली मान घालून कापत राहिला.

मला माझंच कमी नव्हतं. धान घरी आलं की माझं नसबंदीचं ऑपरेशन, हे सासूने ठरवून टाकलं होतं. एक पोरगी, एक पोरगा, बस झालं. पोराच्या वेळी माझं इतकं रक्त गेलं होतं की आईने माझी आशा सोडली होती. तेव्हापासून दवाखान्याचं फाटक दिसलं तरी मी रस्ता बदलते. नवऱ्याला एकदाच म्हटलं होतं, "मले लय भेव वाटते जी." तो जेवत होता. "हं," म्हणाला नि भात मागितला. त्या भाताचा राग माझ्या मनात होताच.

तिसऱ्या दिवशी सासूचा संयम सुटला. "काऊन रे, भारा काऊन नाई उचलून राह्यला तू?"

"भाऊ बाई झाला वाटते, माय!" दीर हसला. रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

घरात मी नवऱ्याला सोलून काढते, पण चारचौघांत त्याला कोणी हसलेलं मला खपत नाही. मी म्हटलं, "कंबर धरली त्यायची."

त्याने विळा खाली ठेवला. "कंबर नाई, माय. नसबंदी करून आलो मी. आता हिचं काही कराचं नाई. डाक्टरनं आठ दिवस वजन उचलू नको म्हणलं."

सासू मटकन बांधावर बसली. त्याच्यावर नाही, माझ्यावर बरसली. "माह्या पोराचं वाटोळं केलं वं तुनं! बायाच करत आल्या हे. बाई मरते का त्यानं? गडी मातर कामातून जाते."

"मागच्या खेपेले मरतच होती ते," तो म्हणाला. "मी होतो तिथी. तू नोती."

एवढं बोलून तो पुन्हा कापायला लागला. दीर अजून हसतच होता.

मी सुटले होते. कोणालाही वाटेल, मला आनंद झाला असेल. आनंद झाला, पण नंतर. आधी आली ती लाज. बाया एकमेकींना कोपर मारत होत्या नि मला नवऱ्याचाच राग येत होता. याने कशाला सांगितलं? मी सांगितलेली कंबर चालली असती की! ऑपरेशनच्या टेबलावर मरायची माझी तयारी होती, पण "त्याची बायको" म्हणून विहिरीवर कोणी हसावं, याची नव्हती.

घरी आल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "साऱ्या गावाले सांगितलं, मले आधी काऊन नाई सांगितलं?"

तो पाय धूत होता. "तू जाऊच देलं नसतं मले."

असं कसं म्हणता, म्हणायला मी तोंड उघडलं. तोच विहिरीवरच्या बाया डोळ्यांपुढे आल्या, नि मी घरामागे जाऊन त्याची चड्डी दोरीवरून काढून आणली.