मायचं गाठोडं पुढच्या गाडीनं गेलं

भूगोल शिकवणाऱ्या माणसाचा रस्ता चुकत नाही, अशी माझी समजूत होती. पालमच्या शाळेत नऊ वर्षे मी नकाशावर छडी ठेवून मुलांना सांगत आलो, की शिमला हे थंड हवेचे ठिकाण असून दिल्लीच्या उत्तरेस आहे. बांगलादेशच्या लढाईनंतर तीन-चार वर्षांनी, मे महिन्याच्या सुटीत मायला घेऊन दिल्लीच्या स्टेशनात उभा राहिलो, तेव्हा उत्तर कुठली हेच मला कळेना. शिमल्यासाठी कालक्याची गाडी कुठल्या फलाटावर लागते म्हणून तिघांना विचारले. तिघांनी तीन जिने दाखवले. आम्ही तिन्ही चढलो.

"शाळेत तूच शिकवतूस न्हवं?" माय म्हणाली. मी चौथ्या माणसाला विचारायला वळलो.

आम्ही काही फिरायला निघालो नव्हतो. माझा धाकटा भाऊ मिलिंद चार वर्षांपूर्वी मॅट्रिकला नापास झाला, तेव्हा मी सगळ्या गल्लीदेखत त्याला म्हणालो होतो, की पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. त्याने माझे ऐकले. दुसऱ्या दिवशी तो घरात नव्हता. यंदा त्याचे अंतर्देशीय पत्र आले, तेही मायच्या नावाने. शिमल्याकडे रस्त्याच्या कामावर आहे; मेच्या दुसऱ्या रविवारी सकाळी स्टेशनवर येतो, जमले तर ये; सोमवारी आमची टोळी ट्रकने वर जाणार, मग बर्फ पडेपर्यंत खाली येणे नाही. पत्रात माझे नाव कुठेच नव्हते. मायला एकटीला कसे पाठवायचे म्हणून सोबत जातो, असे मी सगळ्यांना सांगितले. खरे म्हणजे मला माफी मागायची होती, आणि धाकट्या भावाची माफी कशी मागतात ते मला ठाऊक नव्हते.

रविवारी कालक्याला उतरलो तेव्हा नुकते उजाडत होते. इथे मोठी गाडी संपते आणि डोंगर चढणारी छोटी गाडी सुरू होते. आमच्याकडे मनमाड ते परभणी धावते तीही छोटीच गाडी, पण ती हिची थोरली बहीण शोभली असती. रूळ इतके जवळजवळ, की एक पाय इकडे नि एक तिकडे ठेवून आरामात उभे राहावे. मोठ्या गाडीतून उतरून छोटीकडे निघायचे म्हणजे मनमाड आले, आता घर, हे आमच्या अंगात मुरलेले. इतक्या दूर येऊनही मला उगाच घरी परतल्यासारखे वाटू लागले. मायलाही तसेच वाटले असावे, कारण मनमाडला ती जे करते तेच तिने इथे केले.

मनमाडला आमची माणसे खिडकीतून धडपा (जुन्या कापडाचा तुकडा) टाकून जागा धरतात. ज्याचा धडपा त्याची जागा. तो माणूस खुशाल चहा पिऊन येवो, कोणी तिथे बसत नाही. तो यायचा आहे, हे सगळे धरून चालतात. मी चौकशीला तिकीट तपासनिसाकडे गेलो, तेवढ्यात मायने समोरच्या गाडीच्या खिडकीतून गाठोडे आत सरकवले आणि ती नळावर तांब्या भरायला गेली. गाठोडे म्हणजे तिचे जुने हिरवे लुगडे. आत ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मिलिंदचे पत्र.

तपासनीस म्हणाला, "आपकी गाड़ी पीछेवाली है." मी वळून पाहिले तर पुढची गाडी शिट्टी देऊन निघाली होती. माय भरलेला तांब्या घेऊन उभी होती.

"साब, हमारी गठडी चली गई," मी म्हणालो.

"साथ में कौन है?"

"कोई नै. गठडीच बैठी है."

"गठरी बैठी है?" त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "किस मुल्क के हो?"

परभणी म्हणालो. परभणी त्याने ऐकली नव्हती, हे मला त्याही घाईत थोडे लागले. पुढे कळवतो, असे काहीसे पुटपुटत तो निघून गेला.

आमची गाडी अर्ध्या तासाने सुटली. मला काही सुचत नव्हते. मिलिंद सकाळची पहिलीच गाडी बघायला येणार, आम्ही तीत नसणार, आणि तो डोक्याचा गरम. दादाने मायला येऊ दिले नाही असे समजून तो सरळ निघून जाणार. त्याची टोळी कुठे उतरली आहे त्या गावाचे नाव पत्रात होते. मी ते पाठ केले नव्हते. मुलांना हिमाचलातल्या नद्या पाठ करायला लावणारा मी.

"माय, गाठोडं तसं कशाला टाकलंस?"

"जागा नगं का धरायला? बसलंय ते जागेवर. कोण उठवतंय त्याला." तिने तांब्या मांडीवर घेतला आणि बाहेर बघत बसली.

बाहेर बघून माझा गोंधळ आणखी वाढला. बोगदा संपला की दरी डावीकडे, पुढचा बोगदा संपला की उजवीकडे. सूर्य या खिडकीतून त्या खिडकीत जाई आणि परत येई. एका वळणावर आमचेच इंजिन समोरून येताना दिसले, तेव्हा दुसरी गाडी आली म्हणून मी अर्धा उठलोसुद्धा. समोर गोल टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मला हाताला धरून खाली बसवले आणि उंच सरळ झाडे दाखवली. "चीड," ते म्हणाले (याच्या पानांच्या सुया असतात आणि खोडातून राळ गळते). हेही मी शिकवत आलो होतो. झाड मात्र आज पहिल्यांदा पाहत होतो.

बडोगला गाडी बराच वेळ थांबली. सगळे उतरून पुरी आणि छोले (आपले मोठे हरभरे) खात होते. गार वारा सुटला होता. आमच्याकडे या दिवसांत दारे लावून बसावे लागते. मी गाठोड्याची चौकशी केली, तर स्टेशनवाल्याने वर शिमल्याच्या दिशेला बोट दाखवले. छोल्यांची चव लागली नाही. मायने दोन पुऱ्या कागदात बांधून घेतल्या. "मिलिनला हुतील," ती म्हणाली. तो भेटणारच, अशा थाटात ती सगळे करत होती, आणि मला तिचा राग येत होता.

शिमला आले तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. उतारू आपापल्या हमालांमागे गेले. मी फलाटावर एक चक्कर मारली. मिलिंद नव्हता. जाळीच्या टोप्या विणत बसलेली एक बाई, दोन कुत्री, बाकी कोणी नाही. मायला काय सांगावे ते ठरवत मी परत येत होतो, इतक्यात पलीकडच्या रुळावर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीतून भांडण ऐकू आले. झाडूवाला कोणाला तरी खाली उतरायला सांगत होता, आणि आतला माणूस अस्सल आमच्याकडच्या हिंदीत म्हणत होता, "अरे, जगा पकड के रखी है. लोगां आ रहे."

खिडकीत हिरवे लुगडे दिसले. त्याच्या शेजारी, चार वर्षांत रापलेला, रुंद झालेला मिलिंद बसला होता.

पायरी उंच होती, तरी माय माझा हात न घेता चढली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली.

"पयल्या गाडीत तुमी न्हवता," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "जायलोच हुतो मी माघारी. मग मायचं लुगडं दिसलं जागेवर. गाठोडं ठिवलंय म्हणल्यावर माणूस यायलाय की. म्हणून बसलो."

"मिलिंद, माझं चुकलं," मी म्हणालो. एवढेच निघाले. वाटेत केवढे तरी जुळवले होते.

तो थोडा सरकला. "बस की दादा. उभा का?"

आम्ही त्या रिकाम्या गाडीत बसून भाकरी खाल्ल्या. पुऱ्याही त्यानेच संपवल्या. सोमवारी ट्रक सुटला तेव्हा बर्फ पडला की येतो, असे तो मायला म्हणाला. मग माझ्याकडे बघून पुन्हा एकदा म्हणाला.

परतीच्या वाटेवर मनमाड आले. छोटी गाडी लागताच मायच्या आधी मी धावलो आणि खिडकीतून माझा टॉवेल, उपरणे आणि तिचे लुगडे टाकून तीन जागा धरल्या. दोन माणसे आणि तीन जागा पाहून एकाने विचारले, "ही कोणाची?"

"मिलिनची," माय म्हणाली. "यायलाय त्यो."

गर्दी वाढत गेली. जालन्याला एक बाई लेकरू घेऊन चढली आणि त्या हिरव्या लुगड्याकडे बघू लागली. एरवी मी अशा वेळी लोकांना चार शब्द सुनावले असते. मी उठलो, माझी जागा तिला दिली आणि परभणीपर्यंत उभा राहिलो. लुगडे मी उचलले नाही.