टाटाच्या थोडं पुढं

कोणतंही काम सुरू करण्याच्या बाबतीत आमच्या धाकट्या मामांइतका सावकाश माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल. आळशी नव्हते हो! एकदा लागले की लागले. पण लागेपर्यंत समोरच्याचा जीव जायचा. संग्रामपूरच्या बाजाराला जायचं ठरलं की आधी पिशवी, मग छत्री, मग सोबतीला शेजारचे गुरुजी, मग गुरुजींचा चहा. एवढं सगळं ओट्यावर जमेपर्यंत बाजार उठलेला असे. मामी सांगायच्या, यांची टोपी सापडेपर्यंत लग्नाचा मुहूर्तसुद्धा टळला होता.

मामा जळगाव जामोदच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. एका वर्षी नवं पुस्तक आलं आणि त्यात त्यांना आपल्या स्वभावाचा पुरावाच सापडला. जीनचा मजकूर डीएनएवर लिहिलेला असतो, पण पेशी तो एकदम वाचायला घेत नाही. मजकुराच्या जरा अलीकडे बऱ्याचदा टी-ए-टी-ए अशी अक्षरं असतात. तो टाटा बॉक्स. तिथे आधी एक प्रथिन येऊन बसतं, मग दुसरं, मग तिसरं. सगळी मंडळी जमली, की नक्कल काढणारं एन्झाइम टाटाच्या थोडं पुढून काम सुरू करतं. झालं! मामा हे घरोघर सांगत सुटले. "पेशीलेच घाई नाही, त मले काऊन?" वर्गात त्यांनी फळ्यावर 'टाटा' लिहिलं की मागच्या बाकांवरची पोरं हात हलवून निरोप घ्यायची. मामा रागावत नसत. तुमचा टाटा शेवटी येते बेट्याहो, हा पहिले येते, म्हणत.

पण हे सगळं सुनंदाच्या अंगाशी आलं. सुनंदा त्यांची एकुलती एक लेक. नागपूरला एमएस्सीला तिचा नंबर लागला, आणि दोन दिवसांत हजर झालं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. मामा तयारीला लागले, म्हणजे गादी पिंजायला टाकली. मग म्हणे, कोणीतरी आधी खोली पाहून यावं, चांगली सोबत मिळावी, जमल्यास दिवाळी होऊन जाऊ द्यावी. मामी चिडल्या, मी चिडलो, गुरुजीसुद्धा चिडले. सुनंदा मात्र शांतपणे ओट्यावर आली.

"बाबा, टाटा पुसून टाकला, त जीनचं काय होते?"

शिकवायची संधी मामांनी कधी सोडली नव्हती. "काही नाही होत. मजकूर जसाच्या तसा राह्यते. फक्त वाचाले कोणी येत नाही," ते बोलून गेले, आणि नागपूरचं पत्र हातात धरून उभ्या असलेल्या लेकीच्या तोंडाकडे पाहतच राहिले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसला मामा सुनंदाला घेऊन स्टँडवर हजर होते, तेही टोपीशिवाय. गादी पिंजाऱ्याकडेच राहिली. बस हलली तसा त्यांनी हात वर केला, "टाटा" म्हणाले आणि तसेच उभे राहिले. मी म्हटलं, चला मामा.

"थांब बे. टाटापाशी सुरू नाही होत. थोडं पुढं जाऊ दे."

बस नाल्याच्या वळणाआड गेली, तेव्हा कुठे त्यांचा हात खाली आला.

आता मामा नाहीत. सुनंदा नागपुरात हेच शिकवते. मी कोणाला बसमध्ये बसवून द्यायला गेलो की बायको कंटाळून घरी चला म्हणते, आणि मी तिला थोडं थांब म्हणतो. अशा वेळी मामांची फार आठवण येते. बस वळेपर्यंत माझा हात वरच असतो.