ओळंब्याचं धुराडं

गवंडीकामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. रेघ जराशी वाकडी दिसली की ह्याला चैन पडायची नाही, म्हणून भिंत सरळ आहे का ते बघायच्या वजनाच्या दोरीवरून सगळे त्याला ओळंबाच म्हणत. स्वतःचं घर बांधलं तेव्हा रस्त्याकडच्या भिंतीला त्याने असा गुळगुळीत गिलावा केला, वर असा पांढराशुभ्र रंग दिला, की येणारा-जाणारा थबकून बघे. चूल त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला होती. बाहेर काजळी उतरून भिंत बाटू नये म्हणून ह्या पठ्ठ्याने धुराडं छपराच्या आतच संपवलं! निम्मा धूर माळ्यावर, निम्मा बायकोच्या छातीत. ती बिचारी सांगून थकली. "लाकडं ओली असतील," म्हणून हा खुशाल बाहेर जाऊन बसे.

शेवटी तिने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी ओळंब्याला बाजूला घेऊन सांगितलं, की फुप्फुसं कामातून गेलीत, आता औषधाचा फारसा उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी तो जन्मात पहिल्यांदा चुलीपुढे बसला. फुंकून फुंकून डोळ्यांना धारा लागल्या, घसा धरला, तरी पाणी काही उकळेना. हे ती रोज दोन्ही वेळा सोसत होती आणि वर ह्याला गरम गरम वाढत होती. त्याला स्वतःची शिसारी आली.

कामावर जायचं सोडून त्याने चूल फोडली. नवी बांधताना लाकडांखाली लोखंडी जाळी बसवली आणि जाळीखालून हवेला वाट ठेवली. राखही तिथूनच ओढता येणार होती. चुलीचं तोंड लहान केलं. लाकडं बारीक फोडून उन्हात वाळवली. मग छपराला भोक पाडून धुराडं चांगलं उंच काढलं. भिंतीवर काळे ओघळ आले, तिकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

चूल एका काडीत पेटली. फुंकावं लागलं नाही, आणि निम्म्या लाकडांत पाणी उकळलं. त्याने बायकोला धरून आणलं, जवळ बसवलं.

"बघ तरी! धुराचं नाव नाही."

धापा टाकत तिने जाळाकडे पाहिलं.

"छान झाली हो. माझ्यामागून जी येईल, तिचे डोळे तरी वाचतील."

टोमणा मारला असता तर त्याला सोसवला असता. पण ती अगदी मनापासून बोलली होती.