अकरा रिंगांचे पडदे

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत मी गेले होते ते पडद्याच्या रॉडचे दोन हूक आणायला. हूक मिळाले नाहीत आणि मी घरी पडद्यांना रिंगा बसवायचा एक लोखंडी प्रेस घेऊन आले. त्या दुकानात काउंटरवर तो बसवलेला होता, हापशासारखा लांब दांडा असलेला. दुकानदारानं त्याच्याखाली कापड सरकवलं, दांडा ओढला, खटाक. कापडाला पाणीपुरीच्या पुरीएवढं गोल भोक. मग साचा बदलून भोकाच्या वरून चकचकीत रिंग, खालून तिचा वायसर, परत खटाक. रिंगेची मान खाली दुमडली, वायसरला घट्ट धरून बसली आणि झालं. मी त्याला म्हटलं, परत दाखवा. त्यानं परत दाखवलं. तिसऱ्यांदा मी स्वतः ओढला आणि माझी शुद्ध गेली म्हणा ना.

स्कूटरवर पायाशी प्रेस ठेवून घरी आले तेव्हा आत्ती दारातच होत्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. माझं माहेर गडहिंग्लजकडचं, तिकडं सासूला असंच म्हणतात. त्यांनी प्रेसकडं बघितलं आणि विचारलं, "काय गं हे? चरक आणलास काय रसाचा?"

आता आत्तींबद्दल सांगायला हवं. आमच्या गल्लीत आज जे बाप्ये मिशा पिळत फिरतात, त्यातल्या निम्म्यांची झबली-टोपडी त्यांनी शिवलेली आहेत. पण काही वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडा फरक पडला, पण सुई काही हातात थांबेना. शिलाई मशीनवर चादर आली, चादरीवर मनीप्लांटची कुंडी. हात कुणाला दिसू नये म्हणून त्या तो कायम पदराखाली धरायच्या. घरी पाहुणे आले की नुसती मान हलवायच्या. नमस्कार करत नाहीत, फार शिष्ट आहेत, असं लोक बोलायचे. मला त्याचा राग यायचा, पण कुणाकुणाला समजावत बसणार.

त्यात माझ्या नणंदेचं कागलला घर बांधून झालं. लेकीच्या घराचे पडदे मीच शिवणार, असं आत्ती ती कॉलेजात असल्यापासून म्हणायच्या. इचलकरंजीहून आणलेलं आंबा रंगाचं कापड ट्रंकेत तसंच पडून होतं. वास्तुशांत जवळ आली तसा वन्सचा फोन आला, "आई, रेडिमेडच घेतो की. तू कशाला तरास करून घेतीस?" आत्ती "बरं" म्हणाल्या. त्या कशालाही सहज बरं म्हणणाऱ्या नाहीत. दोन दिवस त्या ट्रंकेवर बसून टीव्ही बघत होत्या.

हे सगळं माझ्या डोक्यात होतं असं सांगितलं तर मी फार शहाणी ठरेन. प्रेस मी खटाक आवाजासाठी आणला. पण त्या दुपारी एका जुन्या उशीच्या खोळीवर रिंग मारून दाखवली, तेव्हा आत्ती जवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "सर जरा. मी वढतो."

त्यांनी पदराखालून हात काढला. तो दांड्यावरही थरथरतच होता. पण लोखंडी साच्याला त्याचं काय. दांडा खाली आला तो सरळच आला, आणि रिंग बसली ती दुकानातल्यासारखी. आत्तींनी खोळ डोळ्यांजवळ नेली. बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "दुसरी दे."

पुढचा आठवडा आमच्या घरात काही बिनभोकाचं राहिलं नाही. टॉवेलांना रिंगा, पायपुसण्याला रिंग, स्कूटरवर टाकायच्या ताडपत्रीला चारी कोपऱ्यांत रिंगा. भाजीच्या पिशवीला रिंग कशाला, असं नवऱ्यानं विचारलं तर आत्ती म्हणाल्या, "खिळ्याला अडकवाय हुतीया." त्यानं मुकाट्यानं आपला रेनकोट कपाटात ठेवून कुलूप लावलं. आम्ही दोघी जमिनीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. आत्ती इतक्या हसतात हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. त्यांना हसताना ठसका लागतो आणि मग त्या ठसक्यालाही हसतात.

मग ट्रंक उघडली. सरळ शिलाया मी मारायच्या, वरच्या पट्टीत बकरम घालून कापड ताठ करायचं, आणि रिंगा आत्तींच्या. मी टेप लावून पहिल्या पडद्यावर खडूनं खुणा केल्या. बारा बसत होत्या.

"बारा?" आत्ती म्हणाल्या. "लेकीच्या वास्तूला बारा? बाराव्याचं जेवाण घालतीस काय?"

"बरं, दहा करते."

"म्हंजे धाव्याला कावळा बसवा."

सवाष्णी पाच, फळं पाच, मोदक एकवीस, आहेराच्या पाकिटावर वरचा एक चिकटवलेला. आपल्यात शुभकार्याला सम आकडा कुणी घेतलाय कधी? मलाही ते लगेच पटलं. खडू पुसला, अंतर थोडं वाढवलं आणि अकरा खुणा केल्या. आत्ती प्रत्येक पडद्याची पहिली रिंग मारताना देवाचं नाव घ्यायच्या आणि शेवटची मारताना "झाला गं बाई अकरावा" म्हणायच्या. घरात सगळीकडं आंबा रंगाच्या गोल टिकल्या उडालेल्या. एक तर नवऱ्याच्या आमटीत निघाली.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशीच आम्ही कागलला पोचलो. आत्तींनी पडद्यांचं गाठोडं गाडीत मांडीवर घेतलं होतं, कुणाला धरू दिलं नाही. प्रेस घरीच ठेवला, कारण काम तर पुरं झालं होतं. हॉलच्या मोठ्या खिडकीत मी आणि वन्सनी पहिली जोडी रॉडमध्ये ओवली. वर चढवली. खाली उतरून बघितलं.

प्रत्येक पडद्याची एक कड शहाण्यासारखी भिंतीकडं वळली होती आणि दुसरी सरळ खोलीत घुसली होती. एकाचा डावा कान बाहेर, दुसऱ्याचाही डावाच. मी कान दाबून आत केला. तो परत बाहेर आला. मग डोक्यात उजेड पडला. कापड रॉडच्या पुढून-मागून नागमोडी जातं. रिंगा सम असल्या तरच दोन्ही कडा भिंतीकडं वळतात. विषम असल्या की एक कड तोंड फिरवून खोलीत येणारच. म्हणजे घरातल्या यच्चयावत पडद्यांचा एकेक कान बाहेर, आणि सगळे शुभ.

मला हसू फुटलं. खरंच आवरेना. आणि हसता हसता मी आत्तींकडं बघितलं.

त्या पडद्याकडं बघत होत्या. त्यांचा हात पदराखाली गेला होता. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "काढून टाका. रेडिमेड आणा जावा." माझं हसू थांबलं. आठवडाभर मी या बाईला हसवलं आणि आता मीच तिच्या लेकीच्या घरात तिला तोंडावर पाडलं, असं वाटलं. प्रेस कोल्हापुरात होता, आणि असता तरी बारावी रिंग घुसवायला जागा कुठं होती.

वन्स स्टुलावर चढल्या आणि एक पडदा रॉडमधून काढून उलट बाजूनं ओवला. पडदे मिटले. आता दोन्ही बाहेर येणाऱ्या कडा मधोमध एकमेकींना टेकल्या, वरपासून खालपर्यंत, हात जोडावेत तशा.

"आई, बघ की," वन्स म्हणाल्या. "खिडकी नमस्कार करालीया."

आत्तींनी खिडकीजवळ जाऊन बघितलं. मग ठसका लागला. पहिल्यांदा मला कळेना रडताहेत की हसताहेत. हसत होत्या. वन्स हसल्या, मी तर तयारच होते, आणि आम्ही तिघींनी वेड्यासारखं हसत घरातले सगळे पडदे तसे लावून टाकले, अगदी बाथरूमच्या छोट्या खिडकीचेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. पूजेपेक्षा पडद्यांची चर्चा जास्त. एक मावशी म्हणाल्या, "ही नवी फ्याशन दिसतीया. आमच्यात पण पायजे." कुणीतरी फोटो काढले. वन्सच्या सासऱ्यांनी पान चघळत हॉलभर आवाज दिला, "कुणी केलं वो हे? कुठला कारागीर?"

"आमच्या आईनं," वन्स म्हणाल्या.

सगळे वळले. आत्ती दिवाणावर बसल्या होत्या, हात पदराखाली. आता मान हलवतील, असं मला वाटलं. त्यांनी एकदा खिडकीकडं बघितलं आणि उठून उभ्या राहिल्या. मग दोन्ही हात बाहेर काढले, छातीशी आणले आणि जोडले. उजवा थरथरत होता, त्याच्यामुळं डावाही थरथरत होता. भरल्या घरानं ते बघितलं. आत्तींनी घाई केली नाही. एकेका पाहुण्याकडं वळून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला.