बर्फावर काढलेलं मशीन

माझी शाळा सातवीत सुटली, भीती मात्र सुटली नाही. कुणी कागद पुढे केला की आधी पोटात गोळा येतो, मग कागद दिसतो.

नव्वदच्या दशकात मी गल्फमध्ये अजमानला, पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या एका कारखान्यात होतो. झाकणं लावायचं नवीन मशीन जर्मनीहून येणार होतं, आणि ते शिकायला एकाला पाच आठवडे तिकडे पाठवायचं ठरलं. जुनं मशीन मी नुसत्या आवाजावरून दुरुस्त करायचो, म्हणून माझं नाव पुढे आलं. फॉर्मवर शिक्षण 'किमान दहावी' मागितलं होतं. ऑफिसातल्या वसईच्या बाईंनी सरळ 'दहावी' लिहून टाकलं. म्हणाल्या, "जा रे. पण तिकडून एक जरी कंप्लेंट आली ना, तर तू पण खलास आणि मी पण."

मंगळवारी पोचलो. हिवाळा सरत आला होता, तरी शेतं पांढरीच. शिकवायला एक म्हातारा फोरमन होता. बुधवार, गुरुवार त्याच्यासोबत गेले. शुक्रवारी सकाळी मी डोक्याला तेल लावलं, कपडे धुतले, खोलीतल्या शेगडीवर खिचडी केली आणि दुपारी मस्त ताणून दिली. बारा वर्षं गल्फमध्ये काढलेल्या माणसाला शुक्रवारी सुट्टी आहे की नाही, असा प्रश्नच पडत नाही.

शनिवारी डबा घेऊन, सेफ्टी शूज चढवून कारखान्यावर गेलो तर फाटकाला कुलूप. तासभर उभा राहिलो. पायांची बोटं कुठे आहेत ते कळेनासं झालं. तेवढ्यात फोरमन कुत्र्याला घेऊन आला. तो जवळच राहायचा. आम्हा दोघांचंही इंग्रजी लंगडं, त्यामुळे बोलणं छान जमायचं.

"काल आजारी होतास? प्रवासाचा ताप?"

"नाही. काल फ्रायडे होता."

"हो, फ्रायडे. मग?"

"फ्रायडे, हॉलिडे."

तो इतका हसला की कुत्रं भुंकायला लागलं. मला हसू येईना. माझ्या हजेरीचा तक्ता त्याच्याकडे होता, आणि शेवटी तो तक्ता अजमानला जाणार होता. मी म्हणालो, "सर, प्लीज, काल आलो होतो असं लिहा ना."

त्याचं हसू थांबलं. "तू आला नव्हतास. मी 'आला' असं लिहिणार नाही." मग माझ्या बुटांकडे बघून म्हणाला, "बूट चांगले आहेत. चल."

मला वाटलं, फोन करायला नेतोय. पण शेवटचं घर मागे पडलं आणि पुढे नुसती शेतं, उघडी झाडं. "कुठे जायचं?" मी विचारलं. "कुठेच नाही. चालायचं." अजमानमध्ये काम असल्याशिवाय कोण चालतो?

चालता चालता तो कालचा धडा सांगायला लागला. झाकण पुरेसं घट्ट झालं की मशीनचं डोकं आपोआप सुटतं, ते कसं. "मशीनच्या पुस्तकातलं पान आठवतं ना?" रचून ठेवलेल्या सरपणापाशी मी थांबलो. नाहीतरी सगळं बुडालंच होतं. सांगून टाकलं. ते इंग्रजी पुस्तक मला वाचता येत नाही. सातवी. फॉर्मवर खोटं आहे.

त्यानं वाकून एक काटकी उचलली आणि कोऱ्या बर्फावर मशीनचं डोकं काढलं. आतली स्प्रिंग, तिच्याखालच्या चकत्या, सगळं. "हे वाच."

ते मला वाचता आलं. आमच्याकडे उकाड्यात आणि खाऱ्या हवेत ही स्प्रिंग आधी गंजेल, हेही बोट ठेवून दाखवलं. त्यानं काटकी माझ्या हातात दिली. "आता उरलेलं तू काढ."

दुपारी शेतातल्या एका मचाणाखाली बसून माझी चपाती आणि लिंबाचं लोणचं खाल्लं. त्याचं तोंड लालबुंद झालं, तरी दुसरी फोड मागितलीच. येणारे-जाणारे नमस्कार करायचे. एक आजीबाई तर आमचं चित्र तुडवायला नको म्हणून चरातून वळसा घालून गेल्या.

मग दर शनिवारी हेच. बर्फ विरळ होत गेलं. शेवटच्या शनिवारी चिखलावर गिअर काढला, त्यावरून कुत्रं चालून गेलं, मी पुन्हा काढला.

तक्ता बंद पाकिटात मिळाला. विमानात मी ते पाकीट मांडीवरून हलवलं नाही. अजमानला बाईंनी फोडलं. बोट एका ओळीवर थांबलं. "शुक्रवार, गैरहजर. अरे देवा, तिकडे पण शुक्रवार पाळलास होय रे?" मग बोट खाली सरकलं. "शनिवार, हजर, आठ तास, बाहेर. म्हणजे काय?" सगळ्यात खाली दोन ओळी होत्या. त्या त्यांनी दोनदा वाचल्या. 'याला पुस्तक देऊ नका, चित्र द्या. मशीन याच्यावर सोपवा.'

दहावीबद्दल अक्षर नव्हतं. ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं. शुक्रवारी त्यानं खोटी हजेरी लावली असती तर मी आभार मानले असते आणि विसरून गेलो असतो. त्यानं सुट्टीचा अख्खा दिवस दिला, आणि तो मला आजही पुरतो आहे.

बाई खुर्चीत टेकल्या, कपाळ पुसलं. मग एक कोरा कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. "यल्ला, चल, काढ बघू काय शिकलास ते."

पोटात गोळा आलाच. पण पेन्सिल उचलली आणि स्प्रिंगपासून सुरुवात केली.