वहिनीच्या अंगातलं सासर

आपल्या दुखऱ्या सांध्यांना सासरच्या माणसांची नावं देणारी बाई अख्ख्या बीदर जिल्ह्यात एकच होऊन गेली, आणि ती माझी थोरली वहिनी होती. उजवं मनगट म्हणजे मामंजी, डावा गुडघा सासूबाई, आणि मनात आलं तर दुखणारा, नाहीतर गप्प पडून राहणारा खांदा म्हणजे माझा दादा. सकाळी चुलीपुढून उठताना ती आईच्या देखतच म्हणायची, "आज सासूबाई लई फुगल्यात. हलायच न्हाई म्हणायल्यात." आई शेजारीच तांदूळ निवडत असायची. तिला राग यायचा की हसू, हे सूप तोंडापुढं धरल्यामुळं आम्हाला कधी कळलं नाही. मी विचारायचो, "वहिनी, ह्यात मी कुठं हाय?" ती आढ्याकडं बघून विचार केल्यासारखं करायची. "तुमची जागा अजून गावली न्हाई, भावजी. पर असताल कुठंतरी. तुम्ही गप बसणारे."

तिचं माहेर निर्णा गावचं. आमचं घर चिटगुप्प्यात, पुढच्या खोलीत दादाचं कापडाचं दुकान. वहिनी आमच्याशी मराठीत बोलायची, म्हशीशी कानडीत, आणि दुखणं फारच चढलं की स्वतःच्या गुडघ्याशी दखनीत: "कायकू सताते बा, सो जाओ ना." उन्हाशी तिचं भाऊबंदकीचं वैर होतं. अंगणात पापड वाळत घालायचे तरी डोक्यावर दुकानातली काळी छत्री. निर्ण्याला जाणाऱ्या जीपमध्येसुद्धा ती छत्री उघडून बसायची आणि शेजारचे जीव मुठीत धरून डोळे सांभाळायचे. ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, वर टप हाय की." ही म्हणाली, "टपाला भोकं हायेत, अप्पा." ऊन लागलं की दुसऱ्या दिवशी तिच्या नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा उमटायचा, पाखरू पंख पसरून बसल्यासारखा. ऊन आणि चट्टा यांचं नातं तिचं तिनंच हेरलं होतं. आम्ही त्याला नखरा म्हणत होतो. आणि चहा. तिच्या हातचा चहा न घेता आमच्या दारातून कुणी गेलेलं मला आठवत नाही, मग तो कासार असो की पोस्टमन. पोस्टमन तर पत्र नसलं तरी यायचा.

आता जे लिहायचं ते मी फार वर्षं टाळत आलो. मी तेव्हा गुलबर्ग्याहून बी.एस्सी. होऊन नुकताच शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. त्या उन्हाळ्यात वहिनीचा चट्टा गडद झाला, केस झडू लागले, हाताची बोटं पांढरी पडून बधिर व्हायला लागली. आईनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तू शिकलेला. काय असंल रे हे?" शाळेच्या भिंतीवर रोगांचा एक तक्ता होता, तेवढंच माझं वैद्यक. मी म्हणालो, "महारोगासारखं दिसायलंय." वर शहाणपणानं म्हणालो, "कुणाला बोलू नको." आईनं ते फक्त आत्याला सांगितलं. आत्यानं फक्त दोघीतिघींना. दिवेलागणीला वहिनीपुढं जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, वेगळी ताटली नि वेगळा कप आला. का, ते तिला कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून जी येईल ती उंबऱ्याबाहेरूनच, "आत्ताच चहा पिऊन आले बाई." वहिनी उकळलेला चहा म्हशीच्या घमेल्यात ओतायची. "साऱ्या गल्लीचा उपास हाय म्हणं आज," असं आम्हाला सांगायची, आणि म्हशीला कानडीत आणखी काहीतरी. त्या दिवसांत मीही चहा शाळेतच पिऊन घरी येऊ लागलो.

काही वर्षांनी तिचे पाय सुजले, तेव्हा दादा आणि मी तिला हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, ल्युपस. महारोगाचा काही संबंध नाही, कुणाला लागतही नाही. मी मास्तर आहे म्हटल्यावर त्यानं नीट समजावलं. रक्तात पहाऱ्याच्या पेशी असतात. परकं काही दिसलं की एक पेशी रासायनिक निरोप सोडते. तो मिळाला की दुसऱ्या धावून येतात, आणखी निरोप सोडतात, आणि सगळ्या मिळून तुटून पडतात. 'थांबा' असाही निरोप असतो. इथं घरच्यालाच परका ठरवलं गेलंय, आणि 'थांबा' पोचत नाही. त्यामुळं सांधे, कातडी आणि आता मूत्रपिंड.

वहिनी छत्री मांडीवर घेऊन ऐकत होती. तिनं विचारलं, "डॉक्टरसाब, पहली आवाज देनेवाली को मालूम नै था क्या, अपनाच घर है करके?"

तो हसला. "नहीं अम्मा. वो तो समझती, मैं घर को बचारी."

वहिनीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "गावले की भावजी तुम्ही," ती म्हणाली. "मी सांध्यात धुंडायले, तुम्ही रक्तात निघाले."

दादा मोठ्यानं हसला. मलाही हसावं लागलं.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "गल्लीत सांगा आता, तसलं काही न्हाई म्हणून. तुमचं ऐकतेत." मी "सांगतो" म्हणालो. आईला सांगितलं, आणि तिथंच थांबलो. पुढं सांगायचं तर पहिला शब्द कुणाचा होता तेही सांगावं लागलं असतं. बोंब उठवायला मला एक वाक्य पुरलं होतं, 'थांबा' म्हणत चार दारं फिरणं झालं नाही. गोळ्यांनी वहिनीचा चेहरा गरगरीत झाला. बायका लांबूनच म्हणायच्या, "तब्येत सुधारली की." ही म्हणायची, "सासरचं खाऊन." आईनं स्टीलचं ताट नि कप काढून दिला, तरी जर्मनचा कप वहिनीनं सोडला नाही. "ह्याला माझी सवय झालीय," म्हणाली.

शेवटचा भेटलो तेव्हा माझी बदली गुलबर्ग्याला झालेली होती, आणि तिची मूत्रपिंडं थकली होती. मी आलो म्हणून ती चहा ठेवायला उठली. सांडशी धरवत नव्हती. मी हात पुढं केला तर म्हणाली, "बसा. मामंजी कामावर हायेत आज." फार वेळ लागला. मला स्टीलच्या कपात दिला, स्वतः जर्मनचा घेतला.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या वेळी आईला मीच—"

"ठावं हाय. चहा घ्या." मग कपाकडं बघून, "गार झाला जणू. ऱ्हाऊ द्या, म्हशीला घालते."

मी सायीसकट प्यालो. कप रिकामा होईपर्यंत ती बघत होती. मग हळूहळू उठून तिनं दोन्ही कप एकाच पाण्यात विसळले.