रोल उरला की

पेपरासाठी फोटो काढण्यात माझी चाळीस वर्षं गेली. शाळा सातवीपर्यंतच. बातमी लिहायला दुसरा माणूस, मी फक्त बघायचं. सांबऱ्याला विमानातनं उतरणारे पुढारी बघितले, वडगावचे माग बघितले, निपाणीच्या वखारीत नाकाला पदर बांधून तंबाखू निवडणाऱ्या बाया बघितल्या. जग कसं हाय असं कुणी विचारलं तर सांगतो, चौकोनी हाय. चौकटीबाहेरचं मला दिसलंच न्हाय.

बायको मागच्या थंडीत गेली. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं तसं लेकीनं भिंतीवर लावायला आईचा फोटो मागितला. मी कपाट उघडलं. मोर्चे, पूर, जत्रा, पुढारी. तिचा एकबी न्हाय. लेकीनं कपाट परत लावून टाकलं. त्याचीच लई लाज वाटली.

मग आठवलं. तेव्हा रोल छत्तीस फोटोंचा. बातमीला तीस-बत्तीस जायचे, आणि उरलेले तसेच धुवायला टाकणं जिवावर यायचं. मोरीत अंधार करून रोल धुवायच्या आधी घरात समोर दिसेल त्याच्यावर दोन-चार वेळा बटण दाबायचं आणि रोल संपवायचा. समोर ती असायची. भाकरी थापताना, दोरीवर लुगडं वाळत घालताना. एकदा मान वर न करता म्हणाली, "रोल उरला की मी दिसते व्हय तुम्हाला?" मी हसलो. ते फोटो कधी कागदावर उतरवले न्हाईत. कागद ऑफिसचा, बायकोवर कशाला घालवायचा.

काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हच्या पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात निघाल्या. सकाळी खिडकीत बसलो आणि एकेक उजेडाला धरली. उचगावची जत्रा सरली की ती. संप सरला की ती. पूर ओसरला की ती, दारात उभी. दिवस कसा कलला कळलं न्हाय. तिच्या मागनं चालतोय, ती वळत न्हाय, असं काहीतरी वाटत होतं.

मग ती थांबलीच. डिजिटल कॅमेरा आला, रोल संपवायचं काम उरलं न्हाय, आणि ती फोटोतनं गेली. पुढची वीस वर्षं माझ्याकडं न्हाईतच. केस पिकलेली, माझ्या शेजारी बसून बशीतनं चहा पिणारी, ती कुठंच न्हाय. मला तीच हवी होती.

लेकीनं माझ्या हातातली पट्टी घेऊन उजेडाला धरली. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं.

"आप्पा, केस बघा की आईचे," ती म्हणाली. "शेवटी अशीच दिसायची."

व्हय. लुगडं वाळत घालणारी तिशीतली बायको, आणि डोकं सगळं पांढरं.

कागदावर काढला न्हाय. तेवढाच तुकडा कापून दोन काचांमध्ये धरला आणि खिडकीत लावला. श्राद्धाला आलेले पाहुणे भिंतीवर शोधत होते. मी खिडकी दाखवली. एवढासा? म्हणाले. म्हटलं, जवळ जावं लागतंय.

हार घालायला जागाच न्हवती. लेकीनं झेंडूचं एक फूल खाली फळीवर ठेवलं.